जपलेली गाडी

२ फेब्रुवारी १९५८, जयपूर

गाडी घेतली! इथल्या इस्पितळात सर्जन म्हणून रुजू होऊन महिनाही झाला नाही. घरात अजून पलंग नाही, आम्ही जमिनीवर गाद्या टाकून झोपतो, आणि दारात विलायती स्पोर्ट्स गाडी! मधुमती कालपर्यंत म्हणत होती, आधी पलंग, मग चैन. पण आज सिव्हिल लाइन्समध्ये नंदकिशोरजींच्या बंगल्यावर तिनेच गाडी पाहिली आणि पलंग विसरली.

नंदकिशोरजी निवृत्त इंजिनिअर आहेत. त्यांनी गॅरेज उघडलं तेव्हा गाडीवर जाड रजया पांघरल्या होत्या, आजारी माणसाला पांघरावं तशा. त्यांनी एकेक रजई हळूच काढली. गर्द हिरवा रंग, दोनच आसनं, तारांची चाकं, लाकडी डॅशबोर्ड, दुमडता कापडी टप. वीस वर्षांची गाडी, पण अंगावर एक चरा नाही. आसनाचं चामडं तर इतकं मऊ की मधुमती म्हणाली, बाळाच्या गालासारखं आहे.

किल्ली देताना म्हातारबुवांनी ती फडक्याने पुसली. म्हणाले, "सँभालकर रखिएगा, डॉक्टर साहब." फाटकातून बाहेर पडताना मी आरशात पाहिलं. त्यांची पत्नी व्हरांड्यातून धावत खाली आली आणि रिकाम्या गॅरेजसमोर ढसाढसा रडायला लागली. जुन्या वस्तूवर किती जीव जडतो माणसांचा!

९ फेब्रुवारी

रविवार. आमेरपर्यंत जाऊन आलो. मधुमतीने डोक्याला रुमाल बांधला होता, तरी केस उडून तोंडात जात होते, आणि ती हसत होती. जोहरी बाजारात लोक वळून बघत होते. परत येताना एका उंटगाडीचं चाक डाव्या मडगार्डला घासलं. हातभर लांब चरा. मी फार चिडलो. उंटवाला नुसता हात जोडत राहिला.

१० फेब्रुवारी

चरा नाही. सकाळी फडकं घेऊन गेलो तर मडगार्ड आरशासारखं लख्ख. बोट फिरवून पाहिलं. जागा मला पक्की आठवते.

मधुमतीच्या डाव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत जखम झाली आहे. झोपेत बांगडी फुटून लागली असेल म्हणते. बांगड्या सगळ्या शाबूत आहेत. मीच टाके घातले. इतकी सरळ जखम मी फक्त ऑपरेशनच्या टेबलावर पाहिली आहे.

२३ फेब्रुवारी

बगरूला गेलो होतो, मधुमतीला छापाची चादर हवी होती. येताना चाकात खिळा घुसला. मी डिकीतून जॅक काढून वळेपर्यंत चाक पुन्हा टम्म फुगलेलं. खिळा धुळीत पडला होता. मधुमती गाडीच्या पायरीवर बसून चप्पल काढत होती. टाचेला खोल भोक, चप्पल रक्ताने भरलेली. चपलेला मात्र भोक नाही.

उरलेल्या रस्त्यावर मी बैलगाडीच्या वेगाने गाडी चालवली.

२४ फेब्रुवारी

मला खात्री करून घ्यायची होती. देवाने मला क्षमा करावी. दुपारी मधुमती स्वयंपाकघरात होती. मी गॅरेजमध्ये गेलो आणि टाचणीने दाराच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, जरासा ओरखडा काढला.

आतून हाक आली, "अहो, मला काहीतरी चावलं बघा!"

ओरखडा माझ्या डोळ्यांदेखत बुजला.

२५ फेब्रुवारी

नंदकिशोरजींकडे गेलो. आधी भेटायलाच तयार नव्हते. दार धरून उभा राहिलो तेव्हा सगळं बोलले. गाडीला लागलं की मालकाच्या सगळ्यात जवळच्या माणसाला लागतं. एका पोराने दगड मारून पुढचा दिवा फोडला. दिवा जुळून आला. त्यांच्या मुलीचा डोळा गेला. तेव्हापासून गाडी रजयांमध्ये. जाळली तर मुलगी जळेल, सोडून दिली तर कुणी दगड मारील. फक्त विकता येते, घेणाऱ्याने हौसेने घेतली तर.

मी म्हणालो, परत घ्या. त्यांनी माझे पाय धरले. त्यांची पत्नी दारात येऊन म्हणाली, "हमारी एक ही बेटी है." मी म्हणालो, माझी पण एकच बायको आहे. त्यांनी दार लावून घेतलं.

३ मार्च

मधुमतीला सांगितलं. तिने टाक्यांवरून बोट फिरवलं. मग उठून आमच्या दोन्ही गाद्या गाडीवर नेऊन घातल्या. आता आम्ही चटईवर झोपतो.

१८ एप्रिल

उन्हाने टप कडक होतोय. तिची कातडी सोलवटते. ओले पडदे बांधले. मग गंजाची भीती. पडदे काढले. तिला खोकला.

४ मे

गिऱ्हाईक आलं होतं. विमा कंपनीतले गजानन, नुकतेच बदलून आलेले, आणि त्यांची पत्नी सुमन. गजानन गाडीभोवती लहान मुलासारखे फिरले. सुमन डाव्या आसनावर बसून हसत होती. मी किल्ली पुढे केली.

मधुमती चहा घेऊन आली. सुमनकडे बघत राहिली. मग बाही वर करून हात दाखवला आणि म्हणाली, "उतर बाई. आधी उतर, मग सांगते."

ते गेले. मी मधुमतीवर ओरडलो. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, सुमनला दिवस गेलेत, तुम्हाला दिसलं नाही?

दिसलं होतं.

२९ मे

दुपारी चार. आंधी. आकाश विटकरी झालंय. गॅरेजच्या पत्र्यांचे खिळे सुटताहेत — एक पत्रा गेला. गाद्या उडाल्या. मी गाडीत टपाखाली बसून लिहितोय, काहीतरी धरून ठेवायला हवं म्हणून —

मधू आली. घरात थांब म्हणालो. म्हणाली, घरात थांबून काय वाचणार आहे? डावीकडे बसली. माझा गुडघा धरलाय.

दगड. पुढची काच —

नुसता तडा. कोपऱ्यात. बोटभर.

वाढतोय. दोन्ही तळवे दाबून धरले, तळव्यांखालून पुढे सरकला. बुजत का नाही? आधी बुजायचा —

ती विचारतेय, अहो, फार आहे का? मी म्हणालो, नाही. काही नाही.

काचेच्या मधोमध आला.

मधू बोलत नाही. गुडघ्यावरचा हात सैल —

मी डावीकडे बघणार नाही. तडा थांबेपर्यंत बघणार नाही. थांबेल. थांबला बहुतेक. मधू, थांबला बघ, मधू, मी आता मान वळव