पडद्यांवरून न झालेलं भांडण

तीर्थस्वरूप वन्संना,

दोन वर्षांचे तुंबलेले नमस्कार एकदमच पाठवते आहे. मोजत बसू नका, सरसकट स्वीकारा. तुमचे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला, की त्यांनी त्याला घरचाच एक माणूस मानून ठेवून घेतलं? खरं तर तुमच्याकडची खुशाली तुमचे बंधुराज दर रविवारी स्वतः येऊन बघून जातात, पण घरी आल्यावर मला फक्त ‘ठीक आहे’ एवढंच सांगतात. ते तुमच्या तब्येतीबद्दल की तुमच्या हातच्या चहाबद्दल, हे मला आजवर कळलेलं नाही. फोनच करणार होते. पण माझा नंबर दिसला की तुमचा फोन आपोआप बंद पडतो, असं आजपर्यंत चौदा वेळा झालं. यंत्रातच काहीतरी दोष असावा. म्हणून हे पत्र तुमच्या बंधुराजांच्या हाती देते आहे. ते उद्या सकाळीच तुमच्याकडे येतील. पत्र फाडायचं झालंच तर निदान वाचून फाडा, कारण लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या आहेत.

तर हकिकत अशी. आमची लॅब चार महिन्यांपूर्वी बंद झाली, हे तुमच्या कानावर आलं असेलच. बावीस वर्षं मी तिथे लोकांचं रक्त काढलं (घरी पिते ते वेगळं, असं तुमचे बंधुराज म्हणतात). मालकांनी जागा विकली, सुया-बाटल्या विकल्या, आणि मला एक घड्याळ भेट देऊन हात जोडले. त्या दिवसापासून मी घरी आहे. मी घरी असल्यामुळे घराला शिस्त आली आणि तुमच्या बंधुराजांचं वजन साडेतीन किलोनं उतरलं. सगळे डबे मी उंचीप्रमाणे लावले, मग अक्षरांप्रमाणे लावले, आणि परवा वापराप्रमाणे लावायला घेतले तेव्हा ते हात जोडून म्हणाले, ‘बाई गं, कुठेतरी नोकरी बघ.’ चेष्टा सोडा, वन्सं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माणसाला दारातून आत घेणारे फार नसतात. आणि माझ्या बोटांना शीर शोधण्यावाचून दुसरं काही येत नाही. हे वाक्य विनोदी झालेलं नाही, म्हणून लगेच पुढे जाते.

मोठ्या दवाखान्यात रक्त घेण्याच्या खोलीत एक जागा निघाली. एकच. मी अर्ज केला, त्यांचं बोलावणंही आलं. त्यात खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘उमेदवाराने आंतरवैयक्तिक कौशल्ये प्रत्यक्ष दाखवावीत.’ मी तुमच्या बंधुराजांना विचारलं, ही कसली कौशल्यं? त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाले, ‘माणसांशी नीट वागणं.’ त्यानंतर ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मला तर शंकाच नव्हती. बावीस वर्षांत किमान लाखभर माणसांचे दंड धरले असतील, त्यातल्या एकानंही उलटून तक्रार केली नाही (तोंडात थर्मामीटर असताना कोण करणार, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्याकडे थर्मामीटर नव्हता). तरी तयारी असावी म्हणून घरी सराव केला. तुमचे बंधुराज स्वयंपाकघरातल्या स्टुलावर घाबरलेला रुग्ण होऊन बसले. भूमिका त्यांनी उत्तम वठवली. पंचवीस वर्षांचा अनुभव आहे.

मुलाखतीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर आम्ही सहाजणी होतो, आणि पाचजणींच्या वयांची बेरीज माझ्यापेक्षा फार जास्त नसावी असं मला वाटलं. माझ्या शेजारची मुलगी मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघून हसायचा सराव करत होती. तिनं म्हणे हसतमुख राहण्याचा तीन दिवसांचा कोर्स केला होता, त्याचं प्रमाणपत्रही होतं. ‘काकू, तुमचा कुठला कोर्स झालाय?’ तिनं विचारलं. मी म्हटलं, ‘एकत्र कुटुंबाचा.’ तिनं ते वहीत लिहून घेतलं.

आत तिघं होते. मधोमध मेट्रनबाई, अंगानं भरदार आणि बोलण्यात कंजूष, खिशाला तीन रंगांची पेनं. उजवीकडे एक तरुण डॉक्टर, त्याचं सगळं लक्ष टेबलाखालच्या फोनमध्ये. डावीकडे मनुष्यबळ खात्याचे साहेब. त्यांच्या गळ्यात टाय इतका आवळलेला होता की मला पहिल्यांदा त्यांची शीर दिसली आणि मग ते दिसले. तेच मुख्य प्रश्नकर्ते. म्हणाले, समजा मी सुईला घाबरणारा रुग्ण आहे, आता तुम्ही मला हाताळून दाखवा. आणि बातम्या वाचल्यासारखं सपाट आवाजात पुढे म्हणाले, ‘मला सुईची फार भीती वाटते.’

वन्सं, समजा बिमजा मला जमत नाही. माझ्यासमोर कुणी बाही वर केली की हात आपोआप चालतात. पर्समध्ये रबरी पट्टा होताच (लॅब गेली तरी पट्टा गेला नाही, तो मी अजून घेऊन फिरते, का ते विचारू नका). तो मी साहेबांच्या दंडाला बांधला, मूठ आवळा म्हटलं, आणि माझी नेहमीची युक्ती काढली. ती अशी, की टोचायच्या क्षणी माणसाला असा प्रश्न विचारायचा, ज्याला थोडा विचार करावा लागेल. मी विचारते, ‘तुमच्या सासूबाईंचा वाढदिवस कधी असतो?’ भलेभले पुरुष तिथे थबकतात आणि तेवढ्यात काम होऊन जातं. साहेबही थबकले. सुई माझ्याकडे नव्हतीच. मी फक्त स्पिरिटच्या कापसाचं पाकीट टर्रकन फाडलं. तो आवाज ऐकला, वास नाकात गेला, आणि साहेब चुन्यासारखे पांढरे पडून खुर्चीवरून हळूहळू खाली ओघळले. बातम्या वाचल्यासारखं बोलणारा तो माणूस अगदी खरं बोलत होता!

मी डोकं हातावर झेललं, टाय सैल केला, खाली निजवलं. डॉक्टर पाण्याचा ग्लास घेऊन धावला, त्याला मी म्हटलं, ‘पाणी राहू दे रे बाबा, आधी पाय वर घे!’ त्यानं मुकाट्यानं पाय उचलून धरले. डॉक्टर आहे हे मला माहीत होतं, पण त्या वेळी तो मला एखाद्या धाकट्या दिरासारखाच वाटला. साहेबांनी डोळे उघडले तेव्हा मी त्यांना सांगत होते, की असं पुष्कळांना होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, एका पैलवानाला तर मी दोनदा झेललं आहे. (पैलवान खरा आहे. दोनदा हे जरा वाढवलं.) ते क्षीण आवाजात म्हणाले, ‘चौदा जून.’ सासूबाईंचा वाढदिवस आठवला होता. मेट्रनबाईंनी हिरव्या पेनानं काहीतरी लिहिलं. तिथेच मुलाखत संपली असती तर, वन्सं, हे पत्र तुम्हाला आलंच नसतं.

पण साहेबांनी खोलीतल्या बाकावर आडवं पडून, पाय फायलींच्या गठ्ठ्यावर ठेवून, शेवटचा प्रश्न विचारलाच. म्हणाले, जवळच्या माणसाशी झालेला एखादा वाद आणि तो तुम्ही कसा मिटवला ते सांगा. आता जवळच्या माणसाशी वाद म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे कोण येणार? तुम्हीच. आणि मी तोंड उघडलं, तेव्हा कुठे लक्षात आलं की तो वाद तिथे सांगण्यासारखा नाही. तुम्ही त्या वेळी लॅबमध्ये साखर तपासायला आला होतात. सहा महिने साखरेचा कण जिभेवर ठेवलेला नाही, असं घरीदारी सगळ्यांना ऐकवत होतात, माझ्या चहात किती चमचे पडतात यावर नजर ठेवून होतात. रिपोर्ट आला. मशीन बिघडलं की काय म्हणून मी पुन्हा तपासला. आणि मग तो आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला, खाली हसण्याची तीन चिन्हं देऊन. सतराजणांनी पाहिला. तुम्ही अठराव्या. रक्त घेण्याच्या जागेसाठी आलेल्या बाईनं, मी रुग्णाचा रिपोर्ट गावभर केला, असं सांगणं म्हणजे रखवालदारानं मुलाखतीत, मला किल्ल्या वाटायला आवडतात, असं सांगण्यासारखंच.

समोर खिडकीला हिरवा पडदा होता. मी म्हटलं, ‘नणंदेशी वाद झाला. पडद्यांवरून.’

एकदा पडदे म्हटलं की मग काय, मी सुटलेच. तुम्हाला हिरवे हवे होते, मला बदामी. दोघी हट्टाला पेटलो, बोलणं बंद झालं. पण चौथ्या दिवशी मीच तुमच्या दारात आले. तुम्हाला आधी बोलू दिलं. मध्ये एकदाही तोंड घातलं नाही (इथे मला घोटभर पाणी प्यावं लागलं). मग तुमचा हात हातात घेऊन म्हटलं, ‘वन्सं, तुमच्या जागी मी असते तर मलाही इतकाच राग आला असता.’ दोघी रडलो. पडदे तुमच्या पसंतीचे लागले. डॉक्टरनं फोन खिशात ठेवला. साहेब झोपल्या झोपल्या ‘फार छान, फार छान’ म्हणाले. इतका गोड समेट झाला, वन्सं, की बोलता बोलता माझाही गळा दाटून आला, आणि क्षणभर मला वाटलं, हे खरंच झालं होतं.

मेट्रनबाईंना मात्र काही दाटून आलं नाही. त्यांनी लाल पेन काढलं. ‘नणंदबाईंचा नंबर द्या,’ म्हणाल्या, ‘गुरुवारी अकराला बोलते त्यांच्याशी.’ मी नंबर न बघता, एका दमात सांगितला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि तेही टिपून घेतलं.

असो. बाकी सर्व ठीक. मोठ्यांना नमस्कार, तुमच्या लेकीला पास झाल्याबद्दल शाबासकी. लोभ आटला असेल, तरी तळाशी थोडा उरला असेल तो असू द्यावा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. इतकं सगळं लिहिण्याचं कारण एवढंच, की गुरुवारी अकराला अनोळखी नंबर दिसेल तो उचला. पडदे. हिरवे तुम्हाला, बदामी मला. मी चौथ्या दिवशी आले. रडल्याचं नाही सांगितलंत तरी चालेल, ते तुमच्या स्वभावाला धरून नाही. जास्त खोलात जाऊ नका. तुम्ही खोलात गेलात की कुणाचं भलं होत नाही, असा अनुभव आहे.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी तुमच्या बंधुराजांनी पत्र वाचलं. म्हणाले, ‘यात माफी कुठे आहे?’ मी म्हटलं, ओळींच्या मध्ये आहे. ते म्हणाले, ‘तिथेही बघितलं.’

ता. क. तिसरा, शुक्रवार. पाकीट पुन्हा फोडलं आहे. कारण ते तुमच्यापर्यंत आलंच नाही. रविवारी हे तुमच्या घरी आले, चहा प्यायले, ठीक आहे म्हणून परत आले, आणि पाकीट पिशवीच्या आतल्या कप्प्यात तसंच राहिलं. काल दुपारी कप्प्यात हात घातला तेव्हा मला सापडलं, तेव्हा अकरा वाजून गेले होते. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. डबे लावण्याचंही सुचेना.

आज सकाळी मेट्रनबाईंचा फोन आला. तुम्ही म्हणे त्यांच्याशी चाळीस मिनिटं बोललात. ग्रुप सांगितलात, तीन चिन्हं सांगितलीत, आणि दोन वर्षांत मी एकदाही उंबऱ्यात आले नाही हेही सांगितलंत. पडद्यांचं विचारल्यावर म्हणालात, ‘आमच्याकडे पडदे नाहीत, झडपा आहेत.’ मी फोन कानाला लावून, सासरी पहिल्या दिवशी उभी होते तशी उभी. मग त्या म्हणाल्या, मी तुमच्या नणंदबाईंना सरळच विचारलं, अशा बाईला घ्यावं की नाही? तर त्या म्हणाल्या, ‘घ्या की. तिची जीभ टोचते, सुई टोचत नाही. तिच्याशी बोलणं बंद झाल्यापासून मी दुसऱ्या कुणाला दंडाला हात लावू दिलेला नाही.’

नोकरी मिळाली, वन्सं. अट एकच. नळीवर चिठ्ठी लावली की माझं काम संपलं, रिपोर्ट परस्पर डॉक्टरकडे जाणार, माझ्या नजरेला पडणार नाही. तसं लेखी घेतलं आहे.

पण त्यांनी सांगितलेल्या तुमच्या शेवटच्या वाक्यावर मी अडकून बसले आहे. दोन वर्षं तुम्ही साखर तपासलेली नाही! त्या दिवशी चिन्हं टाकताना मी तो आकडा बघितला होता. हसण्यासारखा नव्हता. तो तुम्हाला एकटीला, दार लावून, हात धरून सांगायला हवा होता. चुकलं माझं. हे ओळींच्या मध्ये नाही, ओळीत लिहिते आहे.

सोमवारी सातला रुजू होते. पहिली खुर्ची तुमच्यासाठी धरून ठेवते, या. रिपोर्ट मला दिसणार नाही, निर्धास्त असा. तुमचा चेहरा बघून मला कळेलच, पण त्यावर त्यांनी माझी सही घेतलेली नाही.