प्रेरणानं दाखवलेली मूठ

कुरुद, भिलाई
रविवार, जेवणं झाल्यावर

लहानी बहीण रत्नमाला हिले शालूताईचा मनापासून जय भीम.

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं हे ऐकून जीव भांड्यात पडला. थेंब वेळेवर टाकत जा आणि फोडणीच्या धुरात उभी राहू नको. जवाईबापूच्या गुडघ्याले जय भीम सांग (म्हणजे जवाईबापूलेच, पण आमाले खबर गुडघ्याचीच भेटते). इकडे आमी सगळे मजेत आहो. मी मात्र जरा कमीच मजेत आहो, ते कावून ते पुढं येईन. अक्षर मुद्दाम मोठं काढून राहिली, वाचणाऱ्याले त्रास नको. चौथीपर्यंतच शिकली, चुकलं तर समजून घेजो.

फोन न करता पत्र कावून, असं तुले वाटन. तर तू फोन स्पीकरवर ठेवते आणि जवाईबापू मधातच गुडघा सांगाले लागतात. दुसरं म्हणजे फोनवर हात दिसत नाही, आणि ह्या गोष्टीत सगळं काम हाताचं आहे. (आमचा पोरगा नरेश म्हणते व्हिडिओ लावून देतो, पण त्यात तू निस्तं कपाळ दाखवते.)

तुले माहीत आहे, आमचे हे, म्हणजे प्रेरणाचे आबा, प्लांटमधी क्रेनच्या खाली उभे राहत. वर केबिनमधी डायवर, खाली हे, मधात एवढा मोठा आवाज. बोललेलं कोणाले ऐकू येत नाही, म्हणून सगळं हातानं सांगाचं. बोट वर करून फिरवलं की वजन उचल. बोट खाली करून फिरवलं की उतरव. हात आडवा केला की थांब. आणि मूठ दाखवली की वजन हुकाले लागलं आहे, आता घाई नको, सोडू पण नको, धरून राहा. सेक्टर 2 च्या क्वार्टरमधी तीस वर्षं आमचा संसार ह्याच्यावरच चालला. भाजीत मीठ जास्त झालं की बोट खाली. पाहुणे उठत नसले की बोट वर. आमचं भांडणही झालं तर शेजाऱ्याइले वाटे हे दोघं माश्या हाकलून राहिले. आता वयानं ह्याइचे कान जड झाले. नरेशनं कानाची मशीन आणून देली, ती एक दिवस लावली. म्हणे, तू एवढी बोलते हे मले माहीत नव्हतं. मशीन डब्यात आहे.

नरेशची प्रेरणा तर आबाच्या मांडीवर हेच शिकली. बोलाच्या आधी ती मूठ दाखवे. आता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाले आहे, घरात मराठी, दाराबाहेर हिंदी.

तर तू सुचवलेलं तुझ्या गल्लीतलं स्थळ मागच्या रविवारी आलं. पराग, त्याची आई आणि चाकाच्या खुर्चीवर त्याचे आजोबा. सकाळीच प्रेरणानं मले बजावलं होतं, आजी, तू चुप रहना, एकदम चुप. मी म्हटलं बरं. सुपेल्याच्या बाजारातून बालूशाही आणली होती, घरची बेसनाची ठेठरी होती. परागची आई पुस्तकासारखं शुद्ध बोले, नरेश घाबरला की हिंदीत जाते तसा गेला, पराग दोघाइलेही हो म्हणे, आणि मी चुप. रत्ना, चुप राहणं सोपं नाही, तोंड बंद केलं की हात सुटतात. परागच्या आईनं चौथी बालूशाही उचलली. मी पदराआडून आबाले बोट वर फिरवून दाखवलं, उचल. त्याइनं मान हलवली, वजन जास्त आहे. मी दोन बोटं वाकवून दाखवली, दोन हुक लागतीन.

तेवढ्यात खुर्चीवरच्या आजोबाचा उजवा हात आडवा झाला. परागच्या आईनं त्याइले पाणी पाजलं. हात पुन्हा आडवा झाला, पुन्हा पाणी. (लकव्यानं वर्षभरापासून त्याइची वाचा गेली आहे, एक हात तेवढा चालते. हात हलला की घरचे पाणी देतात. दुसरं काय लागत असन, घरच्याइले तरी काय माहीत.) तिसऱ्या गिलासाले आबा उठले, समोर जाऊन उभे राहिले आणि बोट खाली करून फिरवलं. आजोबाचं बोट पण खाली झालं. मंग समजलं, ते रेल्वेच्या क्रेनवर डायवर होते. अर्धा घंटा दोघं बोलत होते, सगळे पाहत होते. काय बोलले म्हणून रातच्याले विचारलं तर आबा म्हणे, एक गर्डर उतरवला. आजोबा अर्ध्या तोंडानं हसत होते. हसता हसता त्याइनं माह्याकडे पाहिलं आणि दोन बोटं वाकवली. मी चहा पाहाले आत गेली.

आतून ध्यानात आलं, एवढ्या गोष्टी झाल्या पण ज्या पोरीसाठी झाल्या तिले कोणी विचारलंच नाही. मी दारातूनच तिले हातानं विचारलं, उचलू का उतरवू? तवा पराग आजोबाची हनुवटी पुसत होता, कोणी सांगितलं नसताना. प्रेरणानं ते पाहिलं. मंग तिनं त्याच्याकडे पाहत छातीपाशी मूठ धरली. पक्की.

माह्या डोळ्यात पाणी आलं. पोट्टी म्हणून राहिली होती, मले हे पाहिजे, पण शिक्षण होऊ द्या, एक वर्ष धरून राहा. पण परागच्या आईले दिसलं ते असं, की पोरगी भर बैठकीत तिच्या लेकाले ठोसा दाखवून राहिली. ती उठली (हुक लागले नाही), चप्पल घातली आणि सगळे गेले. पराग जाताना दारातल्या पायदानाले सॉरी म्हणाला. आठ दिवस झाले, तिकडून काही नाही. प्रेरणा पोळ्या जाळून राहिली.

बाकी ठीक. पोराइले आशीर्वाद.

तुझी ताई,
शालू

ता. क. परागच्या आईले समजावून सांग की मूठ म्हणजे नाही नव्हे. होच आहे, फक्त वर्षभरानं. तेवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. दोन हुकाचं मात्र सांगू नको. विचारलंच तर म्हण, आमच्याकडे पाहुण्याले आणखी दोन घ्या असं म्हणतात.

ता. क. आता पाकीट चिकटवताना आठवलं, डॉक्टरनं तुले महिनाभर वाचू नको म्हटलं आहे आणि संध्याकाळी पराग येऊन तुले वाचून दाखवते असं तू म्हणत होती. तर परागबाबू, जय भीम. वरचं आईसमोर वाचू नका. आणि आजोबाले पाणी देणं जरा थांबवा. आठ दिवसापासून ते तुमाले मूठच दाखवून राहिले असतीन.