बॅरनसाहेबांना हवी असलेली साक्ष

शिझुओका
मेइजी राजवटीचं २०वं वर्ष, मे महिन्याची ६ तारीख

बॅरन ओगिनुमा तोराकिची यांस हिनाता शिंपेईचा नमस्कार.

पत्र पोचलं, सोबतची फ्रेंच दारूची बाटलीही पोचली. इकडे सगळं ठीक. चहाची पहिली खुडणी चालू आहे, पानं यंदा कोवळी आहेत, माझे गुडघे दुखतात. आपली प्रकृती उत्तम असणारच. कणा कधी वापरलाच नाहीत, तो दुखेल कशाला? बाटली शेजाऱ्याच्या घोड्याचा पाय सुजला होता, त्याला चोळायला दिली. घोडा बरा आहे.

आपल्या आठवणींचं बाडही मिळालं. डोळे गेल्यामुळे दोन दिवस वाचून घेतलं. व्हिएन्नातली वकिलात, छातीवरची पदकं, बादशहाच्या मेजवान्या, सगळं ऐकलं. अधूनमधून हसलोसुद्धा, तुम्ही हसवायला लिहिलं नसलंत तरी. तुम्ही म्हणता, 'पॅरिसच्या वाटाघाटींत मी जपानची बाजू लढवली.' अहो, कधी लढवलीत? तेवीस वर्षांपूर्वी तुम्ही आमच्याबरोबर आला होतात ते पाळत ठेवायला. शोगुन सरकारची रीतच ती, दोन वकील धाडायचे आणि त्यांच्यावर डोळा ठेवायला तिसरा. मी दुभाषा. फ्रेंच मंत्र्यानं जेवताना विचारलं, 'हे गृहस्थ काय करतात?' मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, 'हेर आम्हीही पाठवतो, पण त्याला पंगतीला बसवत नाही.' सगळं टेबल हसलं. तुमच्या पोशाखाची तारीफ झाली असं मी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही उठून, कमरेत वाकून आभार मानलेत. हे बाडात कुठं आढळलं नाही.

त्या चार महिन्यांत काम केलं ते धाकटे वकील सेरा गेन्जो यांनी. एकेका कलमासाठी ते घसा बसेपर्यंत भांडले. तुम्ही वहीत काय टिपलंत? सेरांनी परक्या बाईच्या हातात हात दिला. सेरा चाकूनं मांस कापून खातात. आणि शेवटी, सेरा एका दुपारी परवानगीशिवाय एकटेच बाहेर पडले आणि दिवेलागणीला परतले, म्हणजे त्यांनी आपली गुपितं फ्रेंचांना विकली. त्या एका अहवालावर तुमची सगळी बढती उभी आहे. शोगुन गेले, तुम्ही टिकलात. नव्या सरकारलाही चुगलीची माणसं लागतातच म्हणा. सेरांना मात्र मायदेशी उतरताच पोट चिरायचा हुकूम झाला आणि घराण्याचं नाव पुसलं गेलं.

आता ते प्रकरण 'देशद्रोही सेरा' या नावानं छापायचं आहे, आणि अहवाल खरा होता अशी चार ओळींची साक्ष तुम्हाला माझ्याकडून हवी आहे. किती ही निर्लज्ज हौस.

हे अक्षर माझं नाही, हे तुम्ही ओळखलं असेल. शिनो लिहून घेतेय. सेरांची मुलगी. बाप गेला तेव्हा चार वर्षांची होती. माझ्याच मळ्यात पानं खुडते, मला काका म्हणते. तुमचं बाड तिनंच वाचून दाखवलं, ते प्रकरणसुद्धा, एकदाही न अडखळता. घराण्यावरच्या या डागापायी तिचं ठरलेलं लग्न दोनदा मोडलं. पुस्तक निघालं की डाग कायमचा. साक्ष नाकारा काका, एवढंच तिचं मागणं. इथवर लिहिताना ती मध्येच हसत होती.

पण नुसतं नाकारून भागायचं नाही. लिही, शिनो.

सेरा त्या दुपारी कुणा फ्रेंचाला भेटले नाहीत. ते मला शोधत होते. मी न सांगता सटकलो होतो आणि नदीकाठच्या एका गुत्त्यात तर्र होऊन पडलो होतो. त्यांनी मला पाठीवर घालून आणलं, मागच्या दारानं आत सोडलं आणि माझी नोकरी जाऊ नये म्हणून कुणाला कळू दिलं नाही. आठ दिवसांनी तुम्ही तो अहवाल माझ्यापुढं सरकवलात, म्हणालात, 'दुभाष्याचाही शिक्का लागेल.' खरं बोललो असतो तर माझी मान गेली असती. मी शिक्का उठवला. तुम्ही निदान संशयावर लिहिलंत, तोराकिची. मला तर खरं ठाऊक होतं. तिला तिच्या वडिलांच्या कितीतरी गोष्टी सांगितल्या मी, ही एक सोडून.

शिनोनं कुंचला खाली ठेवला. मग तिनं विचारलं,
'पाठीवर?'
'हो. चांगले कोसभर.'
'हे असंच लिहू?'
'असंच लिही.'

ती या पत्राच्या दोन प्रती करणार आहे. एक तुम्हाला, दुसरी तोक्योच्या वर्तमानपत्राला. छापायच्या प्रतीत माझंही नाव राहू दे, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, 'ते काय मी तुम्हाला विचारून ठेवणार होते, हिनातासाहेब?'

तुमच्याच जोडीचा,
हिनाता शिंपेई