शालूची धडधड

३ डिसेंबर १९६२, अमरावती

शालूच्या छातीत धडधडतं! पहिलं बाळंतपण म्हणून लेकीला कालच अकोल्याहून आणलं. ओट्याच्या तीन पायऱ्या चढली आणि खांब धरून उभी राहिली. लगेच नाडी पाहिली — बाईमाणसाची डावी. केवढी पळते! दुसरा हात माझ्या गळ्याशी धरून माझ्या नाडीशी ताळा पाहिला. माझा एक ठोका, तिचे दोन. लहानपणी वैद्यबुवांकडे औषधं कुटायला होतो, तेव्हापासून माझी हीच रीत. घड्याळ बंद पडतं, माझी नाडी नाही.

५ डिसेंबर

माझी बहीण सुभद्रा पहिल्याच खेपेला गेली. तिचीही अशीच पळत होती — की आता मला तसं वाटतं?

शालूचा चहा बंद केला. पाणी भरणं, जात्यावर बसणं बंद. शेजारी जाणंही बंद.

७ डिसेंबर

शालू चिडली. "बाबा, तुमी हात धरला का माही धडधड आनखी वाढते. काहून भेव घालून राहिले मले?" त्यावर शालूच्या आईने ऐकवलं की पोरीच्या आधी बुढ्यालाच कळा येतील. हसल्या दोघी. हसा!

८ डिसेंबर

आजही दुप्पट. जावयांना तार करावी का?

१० डिसेंबर

ऐकलं नाही कोणाचं, टांगा करून शालूला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण सारं ऐकून घेतलं. हृदयात वरच्या अंगाला एक इवलीशी जागा असते म्हणे, तीच ठेका धरते, आपोआप. पोटात बाळ असलं की अंगातलं रक्त वाढतं, ते सगळीकडे पोचवायचं, म्हणून ती ठेका जलद करते. शालूची धडधड अगदी रीतीची.

पण माझ्याहून दुप्पट कशी? मी अडूनच बसलो. तेव्हा बाईंनी हसत माझा हात मागितला. मी उजवा पुढे केला. त्या घड्याळाकडे पाहत राहिल्या — आणि हसायच्या थांबल्या.

"आजोबा, पोरीचं बरोबर आहे. तुमचं माप चुकलं आहे."

११ डिसेंबर

माझी ती जागा थकली आहे, ठेका फार मंद धरते. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांना लवकर दाखवा म्हणाल्या. घरात अजून बोललो नाही.

शालूला काही नाही! आज ऊन अंगावर येईपर्यंत झोपलो.