गाठ मीच मारली होती

अहो,

पोत्याचं तोंड मी धरलं होतं आणि तुम्ही सुतळी शोधत होतात. पहाटेचे साडेपाच. नळाला पाणी आलं होतं, कणीक परातीत अर्धवट मळलेली, तुमचा डबा भरायचा राहिला होता. तुम्ही म्हणालात, "गाठ तूच मार, तुझी सुटत नाही." मी मारली. आतलं मांजर एकदाच ओरडलं आणि गप्प झालं. तुम्ही पोतं गाडीवर पायापाशी ठेवलंत आणि पहिल्या शिफ्टला चाकणला निघून गेलात.

तुम्हाला जाऊन सव्वा वर्ष झालं. पत्र लिहावंसं कधी वाटलं नाही. फोटोशी रोज बोलतेच की! पण ही एक गोष्ट फोटोकडे बघून सांगता येत नाही. परवा लोखंडे आले, म्हणून आज लिहायला बसले.

आपल्या बिल्डिंगचे हे चेअरमन तुम्हाला 'मांजरांचे बदली अधिकारी' म्हणायचे, आठवतं? कुणाच्या दारात घाण झाली की तुमच्या नावाने हाक. इंद्रायणीचा पूल ओलांडला की मांजराला परतीची वाट सापडत नाही, हे तुमच्या आईचं म्हणणं. म्हणून तुम्ही मोशीच्या पुढे, कंपनीमागच्या माळावर त्यांना सोडून यायचात. तिथे ती काय खातात, हे आपण एकमेकांना कधी विचारलं नाही. एक नेलं की महिन्याभरात दुसरं हजर. आपण म्हणायचो, जातच निर्लज्ज!

त्या दिवशी दुपारी बाथरूमच्या पाइपांच्या डक्टमधून आवाज यायला लागला. तुम्ही म्हणालात, कुणाच्या तरी घरी पिलं असतील. मी टीव्ही मोठा केला. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला. मग वास सुटला, तेव्हा तळाचं गंजलेलं दार उघडायला लोखंड्यांनी तुम्हालाच बोलावलं. चार होती. डोळे नुकते उघडलेली. तुम्ही ती कागदात गुंडाळून पुरलीत, वर येऊन कितीतरी वेळ हात धुतलेत आणि मला विचारलंत, "पोतं बांधताना तुला काही दिसलं नव्हतं ना?"

मी म्हणाले, "नाही."

दिसलं होतं हो. मांजर पोत्यात ढकलताना त्याचं पोट माझ्या मनगटाला लागलं. सड भरलेले होते, भोवतीचे केस ओले होते. दोन लेकरांना पाजलेल्या बाईला हे कळत नाही? कळलं. पण आठ दिवस मी दारातली घाण काढत होते, पाणी जायची वेळ झाली होती, आणि मला ते मांजर नको होतं. एवढंच. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

तुम्ही मात्र पिलं पुरल्यावर तीन दिवस, शिफ्ट सुटली की माळावर त्या मांजराला शोधत हिंडलात. खिशात सुकट घेऊन! पँटला कुसळं लागलेली असायची. ती मी एकेक काढली, पण तोंड उघडलं नाही. पुढे कुणी मांजर न्यायला बोलावलं की तुम्ही गुडघा दुखतोय म्हणून सांगायचात. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात म्हणालात, "त्या पिलांचं फेडतोय मी." तेव्हा तरी सांगायला हवं होतं ना? मी तुमची उशी सारखी केली. माझं पाप स्वतःचं समजून तुम्ही गेलात, आणि मी जाऊ दिलं.

चुकलं तुमचंही. एकदाच का विचारलंत? पुन्हा विचारलं असतंत तर... तर मी पुन्हा 'नाही'च म्हणाले असते. खोटं कशाला लिहू?

वाचनालयात मी अजून जाते. तिथल्या एका मासिकात वाचलं की मांजर उचलून नेलं तरी उष्टं-खरकटं आणि आडोसा तिथेच राहतो, म्हणून दुसरं येतं. त्यापेक्षा धरायचं, ऑपरेशन करायचं, खुणेसाठी कानाचं टोक कापायचं आणि होतं तिथेच परत सोडायचं. मग पिलावळ वाढत नाही. इतकी वर्षं आपण काय केलं मग? नुसती माळावर भर घातली.

ते वाचून मीच एका संस्थेच्या बाईंना बोलावलं. तीन मांजरं कान कापून परत आली. चौथी पांढरी. ती पिंजऱ्यात सापडली तेव्हा बाईंनी वाकून आधी तिचं पोट पाहिलं आणि दार उघडून तिला जाऊ दिलं. म्हणाल्या, "ओली आहे. पिलं खायला लागेपर्यंत दीड-दोन महिने थांबू." एक नजर टाकली त्यांनी, बस्स! पिलं कुठे आहेत ते मला विचारावं लागलं नाही. त्याच डक्टमध्ये.

परवा लोखंडे दारात. "वहिनी, भाऊंचं ते पोतं आहे ना अजून? दोन महिने कोण थांबतंय! उद्या पहाटे मीच सोडून येतो तिला."

मी त्यांना सगळं सांगितलं. सड, गाठ, माझं 'नाही'. जे तुम्हाला सांगितलं नाही ते पहिल्यांदा ऐकलं कुणी, तर लोखंड्यांनी!

त्यांनी चप्पल न काढता ऐकून घेतलं. म्हणाले, "तेव्हा गप्प बसलात, आता बरा पुळका आला. भाऊंना माहीत होतं हे?"

खिळ्यावरचं पोतं काढून ते खाली गेले.

माफी मागत नाही. ती द्यायला तुम्ही नाही, आणि ज्यांची मागायची त्यांना कागदात गुंडाळून पुरलंय. शब्द तेवढा देते. पिलं खायला लागली की पांढरीला मीच ऑपरेशनला नेईन आणि मीच इथे परत आणेन. आणि मुलं दिवाळीला आली की त्या चार पिलांचं खरं काय ते त्यांनाही सांगेन. त्यांना अजून वाटतं, ते बाबांच्या हातून झालं.

काल पहाटे साडेपाचला नळाला पाणी आलं. मी ते भरलं नाही. खुर्ची घेऊन खाली गेले आणि डक्टच्या दाराला पाठ लावून बसले. लोखंडे पोतं घेऊन आले आणि समोर उभे राहिले. मी उठले नाही.

तुमची,
सुमन