गच्चीवरचा बिंदू

६ ऑक्टोबर, सोमवार
पोचलो एकदाचे! नल्लकुंट्यात वरचा मजला मिळाला आणि डोक्यावरची अख्खी गच्ची आमचीच. मालक एकनाथराव खाली राहतात. जुने हैदराबादी मराठे. "पानी चोवीस घंटे येतंय बघा ताई, टेन्शन नक्को," असं ठणकावून गेले आणि संध्याकाळी नळ कोरडा! आई गेल्यापासून बाबांना पुण्यात करमत नव्हतं. इथे आल्या आल्या त्यांनी गच्चीच्या पत्र्याच्या दाराची कडी काढली, वर खुर्ची टाकली, कानातलं यंत्र नीट बसवलं आणि हाक मारली, "चारे, चहा!" बाकी सगळ्यांसाठी मी चारुलता, मला चारी म्हणणारं जगात आता तेवढं एकच माणूस उरलंय. बरं वाटलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार
ऑफिस कुकटपल्लीत, चहा बेताचा, माणसं चांगली. काम मात्र मजेदार आहे. विमानांच्या वाटा आकाशात आखलेल्या नसतात, नुसते बिंदू असतात. प्रत्येकाला उच्चारता येईल असं पाच इंग्रजी अक्षरांचं नाव आणि अक्षांश-रेखांश. तिथे प्रत्यक्षात असते फक्त हवा. आम्ही खुर्चीत बसून आकडे भरायचे आणि वैमानिकांनी त्यावर विसंबून वळायचं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. एकच बिंदू दोघांनी स्वतंत्रपणे भरायचा, संगणकात दोन्ही जुळले की पुढे. पुसायचं मात्र काहीच नाही. चुकलेल्या बिंदूलाही फक्त शेवटची तारीख घालायची, आणि कुठलाही बदल लागू होतो तो चार आठवड्यांनी येणाऱ्या ठरलेल्या गुरुवारी.

इथली एक रीत आहे. नव्या माणसाने सरावाचा पहिला बिंदू स्वतःच्या घरावर टाकायचा. मी आमच्या गच्चीवर टाकला आणि नाव दिलं USHAI. उषाई. आईचं नाव उषा, पाच अक्षरांत बसवलेलं. प्रकार निवडला 'सक्तीचा', म्हणजे वरून जाणाऱ्याने वेळ आणि उंची कळवलीच पाहिजे. आईचंही तसंच होतं, सांगितल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडायचा नाही. शेजारच्या भाग्यलक्ष्मीने हौसेने तोच बिंदू दुसऱ्यांदा भरून दिला. घरी सांगितलं तर बाबा हसता हसता डोळे पुसू लागले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
माझी चूक झाली आहे आणि चांगलीच झाली आहे. उषाई सरावाच्या संचात नाही, खऱ्या संचात गेली. दोघींचे आकडे तंतोतंत जुळले, मग कोण अडवणार? २७ तारखेपासून ती जगभरच्या विमानांत असेल. आमच्या वरिष्ठांना, हर्षवर्धन सरांना, जाऊन सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. २५ डिसेंबरची शेवटची तारीख घातली आणि म्हणाले की ज्या बिंदूवरून रस्ताच जात नाही, तिथून कोण जाणार?

२७ नोव्हेंबर, गुरुवार
रजा घेऊन घरीच होते. चारच्या सुमाराला बाबा गच्चीवरून खाली आले. त्यांच्या कानातल्या यंत्रात कुणीतरी बोललं म्हणे. उषाई, मग वेळ, मग सतरा हजार चारशे फूट. मी वर धावले. आभाळ स्वच्छ होतं. ना विमान, ना आवाज. बाबांना आकड्यांचं काही नव्हतं. उषाने स्वतःचं नाव घेतलं, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

३ डिसेंबर, बुधवार
रोज दुपारी ते येतं. आज लवकर घरी येऊन यंत्र मी माझ्या कानात घातलं. सपाट आवाज, बाईचा नाही आणि पुरुषाचाही नाही. उषाई. वेळ. तेरा हजार आठशे. पुढचा बिंदू मात्र सांगत नाही. विमान नेहमी पुढचा बिंदू सांगतं. ज्याला पुढे कुठे जायचंच नसतं, ते सांगत नाही.
मला भीती वाटते आहे. बाबा मात्र दाढी करून, धुवट सदरा घालून बसतात.

१२ डिसेंबर, शुक्रवार
आठ हजार चारशे. रोज साधारण सहाशे फूट उतरतं आहे. हिशेब केला: २५ला पहाटे बिंदू बंद होईल तेव्हाही ते निदान आठशे फूट वर असेल. पोचत नाही! कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. बाबांना सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला. इतक्या जवळ येऊन परत जाईल का ती, असं विचारत राहिले. ती आई नाही हे मी त्यांना कसं सांगू?

१९ डिसेंबर, शुक्रवार
आज एका विमानतळाची उंची भरत होते आणि हात थांबला. उंची समुद्रापासून मोजतात. रोज भरते मी हे, रोज! हैदराबाद पठारावर आहे. आमची गच्चीच साडेसतराशे फुटांवर आहे. शून्यावर नाही.
म्हणजे २३ तारीख. बंद व्हायच्या आधी.
सरांना तारीख अलीकडे आणायला सांगितलं. एकदा जगभर पाठवलेली तारीख हलत नाही म्हणाले. बरं नाही का, असंही विचारलं.

२१ डिसेंबर
पुण्याची तिकिटं काढली. बाबा येत नाहीत. उषा येणार आणि घरात कुणी नाही, असं कसं चालेल म्हणतात. गच्चीला कुलूप घातलं. यंत्र काढून तांदळाच्या डब्यात लपवलं. चार वाजता बाबांनी यंत्राशिवाय आकडा सांगितला. तीन हजार.

२३ डिसेंबर
बाबा गच्चीच्या दाराला धरून बसले होते, मी समोर. एकदाच गॅस बंद करायला स्वयंपाकघरात गेले —
कुलूप तसंच. कडी तशीच. उघडून पाहिलं तर वर खुर्ची आणि बाबांच्या चपला. बाबा नाहीत.
एकनाथरावांनी गल्ली, टाकी, सगळं पाहिलं. पोलीसही येऊन गेले, मग गच्चीला पुन्हा कुलूप घातलं. जिन्यावरून कुणी उतरलं नाही, एकनाथराव शपथेवर सांगतात.

२४ डिसेंबर
यंत्र डब्यातून काढलं. सकाळपासून कानात आहे.
चार वाजले. उषाई. वेळ. साडेसतराशे.
बाबांचा आवाज.
बाबा बोलतायत. वर आहेत, कुलपाच्या पलीकडे. दार उघड म्हणतात, थंडी आहे म्हणतात. उद्या पहाटे बिंदू बंद. मग ते तिथेच — पुसत नाही आम्ही काही, फक्त बंद करतो —
मीच टाकला. माझ्या हाताने.
जिन्यात बसून लिहितेय. किल्ली हातात आहे. पत्रा आतल्या बाजूला दबतोय, हळूहळू.
पुन्हा हाक. दार उघड, चारुलता.
चारुलता.
बाबांनी मला कधीच — जन्मात कधी —
पण आवाज त्यांचाच आहे. दुसरं कुणी नाही मला. कुलूप निघालं. आता फक्त कडी