सुधाची दोन बोटं

२९ सप्टें., सोम.
आज हिशेब मांडला. हा ऊद, म्हणजे हे अरबी तंतुवाद्य, मला पडला तो असा: मस्कतला एसी दुरुस्तीत केलेला दोन वर्षांचा ओव्हरटाइम, अधिक बडोद्याला न येता सोडून दिलेली एक रजा. त्याच रजेत मंजूचं बारसं होतं. लेकीचं नाव सुधाने एकटीने ठरवलं. पुढे कधी बोलून दाखवलं नाही. हे कुठल्या रकान्यात घालू?

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी.
दुरुस्तीचे पाने, गॅसचा गेज, ऊद, सगळं पाटावर. उदाजवळ फूल ठेवलं, कुंकू नाही. तो घरात आल्यावरच्या पहिल्या नवमीला सुधाने ओल्या दोन बोटांनी हळदकुंकू थेट त्याच्या पुढच्या फळीवर लावलं. तिला काय माहीत, याच्या लाकडाला वरून पॉलिश नसतं. आत मुरलं. मी नको ते बोललो, पाहुण्यांसमोर. डाग आहे तसाच. ती जाऊन सात महिने.
आज वाद्याला विश्रांती. चारच्या चहाला आतल्या खोलीत उदाची मधली जोडतार वाजली. एकदाच.

२ ऑक्टो. दसरा.
पुन्हा, चारलाच. मंजू समोर होती. म्हणाली, काही वाजलं नाही बाबा, कान दाखवून या. म्हटलं, कंप्रेसर बिघडायच्या आधी आठवडाभर मला ऐकू यायचं. या कानांवर तरसालीचं हे घर उभं राहिलं. कानांचं मला नको सांगूस.

४ ऑक्टो., शनि.
बिघाड शोधायची माझी रीत एकच, एकेक भाग सोडवायचा. सगळ्या तारा उतरवल्या, अकराच्या अकरा. खुर्ची ओढून बसलो.
वाजली. डावीकडून, अगदी जवळ.
"सुधा, चुकलं माझं" एवढंच म्हणायचं होतं. ते इथे लिहितोय.

६ ऑक्टो.
उतरवलेल्या तारा मंजूने पाहिल्या. मग, "आई आहे असं वाटतं का तुम्हाला?"
मी चहा मागितला.
डॉक्टरकडे आजार निघाला तर सुधा नाही. भीती एवढीच. पण लेक रडली, तेव्हा हो म्हटलं.

९ ऑक्टो., गुरु.
कानाची डॉक्टर मंजूच्याच वयाची. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाली. नंतर, "कान पोते बोले छे, काका." कानच स्वतःशी बोलतो. विचारलं, सुरात? ती म्हणाली, शिट्टी, गुणगुण, असं लोक सांगतात. तारेचा सूर अजून कुणी सांगितला नव्हता.
चारच्या आत घरी पोचलो. तारा अजून चढवलेल्या नाहीत.
डॉक्टरच्या कागदावर लिहिलंय: डावा कान, ऐकू येणं जवळजवळ नाही. बरीच वर्षं झाली असावीत.